आधी आग, मग ड्रिल: नव्या ऑफसेट स्मोकरविषयी वाचकांचे प्रश्न

मांस मंद आचेवर धुरात शिजवण्याविषयी या सदरात लिहिल्यापासून नव्याने स्मोकर घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतल्या बहुतेकांचा स्मोकर ऑफसेट प्रकारचा आहे, म्हणजे आडवे पिंप, त्याच्या एका टोकाला थोड्या खालच्या पातळीवर जोडलेला फायरबॉक्स (आग पेटवण्याची पेटी) आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. बऱ्याच पत्रांत तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत आले होते, म्हणून ते एकत्र करून आणि थोडे आटोपशीर करून येथे घेतले आहेत.

प्रश्न: स्मोकर खोक्यातून काढून नुकताच जोडायला घेतला आहे. पहिली आग पेटवण्यापूर्वी कोणत्या सुधारणा कराव्यात? धुराडे आतून खाली वाढवणे, बॅफल पत्रा, झाकणाला गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी), नवे थर्मामीटर, कोळशाची टोपली, हवेची आणखी एक झडप अशी आठ-नऊ उपायांची यादी मी केली आहे आणि ड्रिल मशीनही आणून ठेवले आहे.

ड्रिल मशीन तूर्त कपाटात ठेवावे, अशी माझी पहिली विनंती आहे. आपल्या यादीतले उपाय चुकीचे नाहीत. मात्र त्यांतला प्रत्येक उपाय एखाद्या विशिष्ट दोषावरचा आहे, आणि आपल्या स्मोकरमध्ये तो दोष आहे की नाही हे तीन-चार वेळा आग पेटवल्याशिवाय कळणार नाही. माझ्या पहिल्या स्मोकरच्या झाकणावर बोल्ट आणि वॉशर लावून बुजवलेले एक भोक आजही आहे. ते मी पहिल्याच दिवशी, थर्मामीटर कोठे हवा याचा काडीचाही अनुभव नसताना पाडले होते.

हे यंत्र हवेच्या ओढीवर चालते, ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की पुढचे निर्णय सोपे होतात. बाहेर 30 अंश सेल्सिअस आणि पिंपात 120 अंश तापमान असेल, तर आतल्या हवेचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या बाहेरच्या हवेच्या जेमतेम पाऊणपट भरते. ही हलकी हवा धुराड्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी फायरबॉक्सच्या झडपेतून ताजी हवा आत ओढली जाते. आगीला प्राणवायू मिळतो तो या ओढीमुळे, उष्णता मांसापर्यंत जाते ती या ओढीमुळे, आणि शिळा धूर बाहेर पडतो तोही या ओढीमुळेच. म्हणून कोणतीही सुधारणा करण्यापूर्वी तिने ही वाट मोकळी होईल की अडेल, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा.

जोडणीच्या वेळीच करण्यासारखे एक काम मात्र टाळू नये. फायरबॉक्स पिंपाला जेथे बोल्टने जोडला जातो, तेथे दोन पत्र्यांमध्ये हमखास फट राहते आणि जोडणी पूर्ण झाल्यावर तेथे हात पोहोचत नाही. म्हणून बोल्ट कसण्यापूर्वीच त्या सांध्यात फायबरग्लासची सपाट पट्टी किंवा भट्टीसाठी मिळणारे सिमेंट भरावे. सगळे बोल्ट आधी सैल बसवावेत, सांगाडा सरळ उभा राहिला की समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे कसत जावे, नाहीतर पातळ पत्रा पिळवटतो आणि झाकण कायमचे वाकडे बसते. शेवटी पाणसळ लावून पाहावी व वितळलेली चरबी बाहेर पडण्याच्या नळीकडे पिंपाला किंचित उतार द्यावा.

प्रश्न: माहितीपत्रकात मांस ठेवण्यापूर्वी स्मोकर रिकामा तापवावा असे लिहिले आहे. त्याप्रमाणे केले, तर फायरबॉक्सच्या बाहेरचा रंग फुगून सुटला. माल सदोष आहे काय?

रिकामा तापवण्याचे काम दुहेरी आहे. कारखान्यात पत्र्याला गंज चढू नये म्हणून लावलेले तेल आणि कापताना-घासताना बसलेली घाण त्यामुळे जळून जाते, आणि आतून लावलेल्या खाद्यतेलाचा कडक, काळा थर तयार होऊन लोखंडाचे रक्षण होते. आतला भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा, कोणत्याही साध्या खाद्यतेलाचा अगदी पातळ हात जाळ्यांवर व पिंपाच्या आतल्या बाजूने फिरवावा आणि दोन ते तीन तास सुमारे 130 ते 150 अंशांवर आग चालू ठेवावी. तेल जास्त झाले तर थर कडक न होता चिकट राहतो, म्हणून फडक्याने पुसून घेतल्यावर जेवढे उरेल तेवढेच पुरे.

रंगाविषयी काळजी करू नये. फायरबॉक्सचा पत्रा निखाऱ्यांच्या अगदी जवळ असल्याने कित्येक ठिकाणी 300 अंशांच्या वर तापतो आणि स्वस्त स्मोकरवरचा रंग त्यापुढे टिकत नाही. सुटलेला रंग तारेच्या ब्रशने खरवडावा, पॉलिश पेपर मारावा आणि 600 अंशांपर्यंत टिकणारा उष्णतारोधक रंग बाहेरून, फक्त बाहेरून, द्यावा. फायरबॉक्सच्या आत रंग लावणे व्यर्थ आहे आणि पिंपाच्या आत लावणे धोक्याचे. पुढच्या वर्षी हे काम पुन्हा करावे लागेल, ते गृहीत धरावे.

प्रश्न: झाकणाच्या चारही कडांतून धूर बाहेर येतो. कोणी लाल सिलिकॉन सुचवतात, कोणी नोमेक्स या उष्णता सोसणाऱ्या धाग्याची पट्टी, तर कोणी म्हणतात की काहीच करू नये. नेमके काय करावे?

आधी गळती किती आहे ते पाहावे. रात्री अंधारात पिंपात एक प्रखर दिवा ठेवून झाकण बंद करावे आणि बाहेरून सगळे सांधे न्याहाळावेत. जेथे प्रकाशाची सलग रेघ दिसते तेथे फट आहे. मधूनमधून ठिपके दिसत असतील तर ते सोडून द्यावेत, कारण चार-पाच वेळा वापरल्यावर धुरातली चिकट काजळी तेवढी जागा आपोआप भरून काढते. आग पेटवल्यापेटवल्या सगळ्या कडांतून धूर येणे हे गळतीचे प्रमाण नव्हे. धुराडे थंड असताना ओढ नसते, त्यामुळे धूर वाट मिळेल तेथून निघतो. पाऊण तासानंतर, स्मोकर तापलेला असताना जे निघते ते खरे.

आपल्याला सांगितलेल्या तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या जागांसाठी आहे. लाल रंगाचे उष्णतारोधक सिलिकॉन साधारण 315 ते 340 अंशांपर्यंत तग धरते, त्यामुळे पिंपाचे न हलणारे सांधे, धुराड्याचा तळ आणि बोल्टची भोके यांसाठी ते योग्य आहे. लावल्यानंतर ते पूर्ण वाळायला चोवीस तास द्यावेत आणि मांस किंवा जाळी त्याला टेकणार नाही अशा बेताने लावावे. उघडझाप होणाऱ्या झाकणाला नोमेक्सची नमद्यासारखी पट्टी बरी, कारण ती दबून बसते. पण ती 200 अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी आहे, तेव्हा फायरबॉक्सच्या दाराला ती लावली तर पहिल्याच दिवशी कोळसा होईल. तेथे चुलींच्या दारांना लावतात तशी फायबरग्लासची दोरी लागते, जी साधारण 500 अंश सोसते. कोठूनतरी मिळालेली जुनी दोरी मात्र वापरू नये. पूर्वी अशा दोऱ्या ॲस्बेस्टॉसच्या असत, आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून गेल्यास कर्करोग होऊ शकतो.

पट्टी लावल्यावर झाकण थोडे उचलले जाते, म्हणून ते दाबून धरणाऱ्या दोन कड्या बहुधा लावाव्या लागतात. पुष्कळदा या कड्यांनीच निम्मे काम होते. झाकण मध्येच फुगलेले असेल तर पट्टीपूर्वी कड्या लावून पाहाव्यात आणि त्यानंतरही फट राहिली तरच पट्टीकडे वळावे.

एक सावधगिरी मी अनुभवाने शिकलो आहे. फायरबॉक्सच्या दाराची फट मी इतकी काटेकोर बुजवली होती की झडप पूर्ण उघडूनही आग गुदमरू लागली. मूळ स्मोकरला लागणारी निम्मी हवा त्या फटीतूनच मिळत होती, हे तेव्हा कळले. झडप लहान असेल तर ती मोठी करण्याचा विचार आधी करावा, गळती बंद करण्याचा नंतर.

प्रश्न: फायरबॉक्सच्या बाजूचे मांस करपते आणि धुराड्याच्या बाजूचे कच्चे राहते. बॅफल पत्रा बसवावा की धुराडे आतून जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणावे?

या तक्रारीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण येथे घाईने केलेला बदल सर्वांत महाग पडतो.

प्रथम आपल्या स्मोकरचा उष्णतेचा नकाशा काढावा. पिंप 160 ते 170 अंशांपर्यंत तापवून संपूर्ण जाळीवर साध्या पावाचे काप ओळीने मांडावेत, झाकण लावावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी उघडून छायाचित्र घ्यावे. कोणता काप काळा पडला, कोणता सोनेरी झाला आणि कोणता पांढराच राहिला, हे एका नजरेत दिसते. नेहमीच्या 120 अंशांवर हा प्रयोग फसतो, कारण त्या तापमानाला पाव तांबूस व्हायच्या आधी नुसता वाळतो.

नकाशात बहुधा दोन वेगळे दोष एकात एक मिसळलेले दिसतात. फायरबॉक्सच्या तोंडाशी असलेले एक-दोन काप जळाले आणि बाकीचे सारखे झाले, तर तो थेट धगीचा परिणाम आहे: निखारे 700 अंशांच्या आसपास असतात आणि त्यांच्यापासून सरळ रेषेत निघणारी उष्णता तोंडासमोर जे येईल ते भाजते. त्यावर उपाय म्हणजे तोंडापुढे एक तिरपा पत्रा, जो आग मांसाच्या नजरेआड करील. त्याला बॅफल म्हणतात. याउलट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापांचा रंग हळूहळू उतरत गेला असेल, तर दोष हवेच्या वाटचालीत आहे: गरम हवा आत शिरताच वर उठते, छताखालून धावते आणि जाळीला नीट न भेटताच धुराड्यातून पसार होते. तेथे पिंपाच्या तळाशी, जाळीखाली, मांडलेले सुटे पत्रे उपयोगी पडतात. फायरबॉक्सजवळ ते एकमेकांना जवळजवळ चिकटून ठेवावेत आणि धुराड्याकडे जाताना त्यांच्यातले अंतर वाढवत न्यावे, म्हणजे उष्णता वाटेत थोडीथोडी वर सोडली जाते. पत्रे वेल्डिंग करून पक्के करू नयेत. प्रत्येक बदलानंतर पावाचा प्रयोग पुन्हा करून ते सरकवता यायला हवेत. जाडी 4 ते 6 मिलिमीटर असली तर ते उष्णता साठवूनही ठेवतात आणि झाकण उघडल्यावर तापमान लवकर सावरते.

कोणताही पत्रा बसवताना हवेची वाट मोजावी. 75 मिलिमीटर व्यासाच्या धुराड्याचे तोंड सुमारे 44 चौरस सेंटिमीटर भरते आणि 100 मिलिमीटर व्यासाच्या धुराड्याचे 78 च्या आसपास. बॅफलच्या खालून आणि बाजूंनी हवेला मिळणारी मोकळी जागा यापेक्षा कमी होता कामा नये. शक्य तर दीडपट-दुप्पट असावी. बॅफल बसवल्यापासून धूर पांढरा येतो, अशी जी तक्रार पुष्कळ पत्रांत आहे, तिचे मूळ येथे आहे.

धुराडे आतून खाली आणण्याविषयी माझे मत अनुकूल नाही, निदान पहिला उपाय म्हणून तरी. गरम हवा जाळीच्या पातळीवर खाली खेचली जाते हे खरे, आणि काही स्मोकरमध्ये त्याने फरकही पडतो, पण हवेला बाहेर पडण्यापूर्वी उलटे खाली वळावे लागल्याने कमजोर ओढ आणखी कमजोर होते. करून पाहायचेच असेल तर पातळ पत्र्याची नळी दाबून बसवावी, काहीही कापू नये, आणि समाधान झाले नाही तर काढून टाकावी. ओढच कमी वाटत असेल तर धुराडे बाहेरच्या बाजूने वर वाढवणे अधिक सरळ आहे. आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक तेवढाच राहिला तर दुप्पट उंचीने ओढीचा दाब दुप्पट होतो, हवेचा वेग मात्र घर्षण सोडून साधारण 1.4 पटच वाढतो. तेव्हा फूट-दीड फूट पुरे.

आणि हे सारे करूनही दोन टोकांत 10 अंशांचा फरक उरणारच. तो दोष मानू नये. जाड तुकडा गरम बाजूला, लहान तुकडा थंड बाजूला ठेवणे आणि अर्ध्या वेळानंतर दिशा फिरवणे हा स्वयंपाकाचा भाग आहे.

प्रश्न: झाकणावरचा काटा 110 अंश दाखवतो, तरी मांस वेळेआधीच सुकते. थर्मामीटर बदलावा का?

बदलण्यापूर्वी तो तपासावा. त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरावी. समुद्रसपाटीला 100 अंश यायला हवेत आणि प्रत्येक 300 मीटर उंचीमागे सुमारे 1 अंश कमी धरावा. पण काटा अचूक निघाला तरी आपली अडचण सुटणार नाही, कारण तो झाकणाच्या वरच्या भागातली हवा मोजतो आणि मांस असते जाळीवर. या दोन ठिकाणांत 10 ते 30 अंशांचा फरक सहज असतो, आणि तो नेहमी एकाच दिशेने असतो असेही नाही.

दोन प्रोब (तारेच्या टोकाला असलेल्या तापमान मोजणाऱ्या दांड्या) असलेला डिजिटल थर्मामीटर ही माझ्या मते नव्या स्मोकरवर करण्यासारखी पहिली आणि सर्वांत फलदायी खरेदी आहे, आणि तिच्यासाठी भोक पाडावे लागत नाही. तारा झाकणाच्या कडेतून आत जातात. जाळीच्या दोन टोकांना एकेक प्रोब, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर आणि मांसापासून चार-पाच सेंटिमीटर दूर लावावा. थंड मांसाला अगदी चिकटून लावला तर तो मांसाभोवतीची गार हवा मोजत बसतो. झाकणावरच्या मूळ काट्याचा उपयोग झाकण उघडण्याची वेळ झाली का हे दुरून पाहण्यापुरता राहू द्यावा.

प्रश्न: मांसाला कडवट, औषधासारखी चव येते आणि ते खाल्ल्यावर जिभेला बधिरपणा जाणवतो. लाकूड वाचावे म्हणून मी धुराडे निम्मे बंद ठेवतो आणि भरपूर धूर यावा म्हणून लाकडे भिजवून घालतो. लाकडात दोष असेल का?

आपण वर्णन केलेल्या दोन्ही सवयी मिळून ती चव तयार करतात. लाकूड थेट जळत नाही. साधारण 200 ते 300 अंशांच्या पुढे ते तापले की त्यातून वायू व बाष्पे निघू लागतात आणि ती पेट घेतात, त्यांना आपण ज्वाळा म्हणतो. ज्वाळा पुरेशी गरम असली आणि तिला हवा मिळाली तर ही बाष्पे जवळजवळ पूर्ण जळतात आणि धुराड्यातून अगदी पातळ, निळसर झाक असलेला धूर निघतो. त्यातले कण इतके सूक्ष्म असतात की ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून तो निळा दिसतो. हवा किंवा उष्णता कमी पडली की बाष्पे अर्धवट जळून डांबरासारखे थेंब बनतात. दाट पांढरा किंवा पिवळसर धूर तो हाच, आणि पिंपाच्या भिंतीवर व मांसावर त्याचा जो काळा, चिकट लेप बसतो त्याला क्रिओसोट म्हणतात. आपल्या जिभेला जाणवतो तो हा लेप.

धुराची चांगली चव लाकडातल्या लिग्निन या घटकापासून येते. त्याच्या विघटनातून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे तयार होतात. पहिल्याचा वाटा चवीत अधिक, दुसऱ्याचा सुगंधात. यांसाठी दाट धूर लागत नाही. डोळ्यांना जेमतेम दिसणारा धूरही सहा-सात तासांत मांसाला पुरेसा वास लावतो.

भिजवलेल्या लाकडातले पाणी उकळून जाईपर्यंत लाकूड 100 अंशांच्या पुढे जात नाही, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता खर्च होते. ती आगीतून वजा होते. लाकूड उलट वाळलेले हवे: ओल 20 टक्क्यांच्या आत. ओल मोजणारे छोटे यंत्र असेल तर लाकूड मधोमध फोडून ताज्या बाजूला टोचावे, कारण बाहेरची बाजू नेहमीच कोरडी भासते. यंत्र नसेल तर दोन लाकडे एकमेकांवर आपटावीत. वाळलेली खणखणतात, ओली थप्प वाजतात.

धुराडे यापुढे कायम पूर्ण उघडे ठेवावे. तापमान सांभाळायचे ते फायरबॉक्सच्या झडपेने, आणि त्याहूनही अधिक आगीच्या आकाराने. तापमान वाढले म्हणून झडप आवळणे ही प्रत्येक नवशिक्याची पहिली प्रतिक्रिया असते, आणि तिने तापमान उतरते खरे, पण आग कोंडून धूर पांढरा होतो. पुढचे लाकूड लहान घालणे किंवा उशिरा घालणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

पाच-सात सेंटिमीटर जाडीचा निखाऱ्यांचा थर तयार करून सुरुवात करावी. त्यासाठी चांगल्या लाकडी कोळशाची एक चिमणीभर (कोळसा पेटवण्याच्या उभ्या नळकांड्यात मावेल एवढी) रास पुरते. मग मनगटाएवढी जाड आणि वीतभर ते फूटभर लांब अशी लाकडे, एका वेळी एक, साधारण अर्ध्या ते पाऊण तासाने घालत जावीत. घालण्यापूर्वी लाकूड फायरबॉक्सच्या माथ्यावर थोडा वेळ तापवले तर ते टाकताक्षणी पेटते आणि पांढऱ्या धुराचा टप्पा जवळजवळ टळतो. मात्र ते तेथे विसरू नये, कारण ते तेथेच पेटते. लाकूड टाकल्यावर ज्वाळा धरेपर्यंत दोन-चार मिनिटे फायरबॉक्सचे दार किलकिले ठेवावे. फळझाडांची किंवा ओक, हिकरी यांसारखी कठीण लाकडे चालतात. राळ असलेली पाइनसारखी लाकडे, प्लायवूड, रंग किंवा रसायन लावलेले लाकूड कधीही घालू नये.

आता या प्रश्नातून निघणारी एक सुधारणा, जी मी निःशंकपणे सुचवतो: निखाऱ्यांसाठी उंच पायांची टोपली. बऱ्याच स्मोकरमध्ये आगीची जाळी तळाला इतकी टेकलेली असते की दोन तासांत राखेने तिचा श्वास कोंडतो. जाड लोखंडी जाळीची टोपली, तळापासून पाच-सहा सेंटिमीटर उचललेली, बसवली तर खालून हवा खेळती राहते आणि निखारे एका जागी गोळा राहतात. जाळी जस्तलेपित मात्र नसावी. जस्त 419 अंशांवर वितळते आणि निखाऱ्यांच्या उष्णतेत त्याची जी वाफ होते ती श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला ठाऊक असतो.

प्रश्न: मांसाचे आतले तापमान 68 अंशांवर येऊन तीन तास अडून बसले. उष्णता गळत आहे असे समजून स्मोकर आणखी बंदिस्त करावा का?

नाही, स्मोकरचा यात काही दोष नाही. मोठ्या तुकड्यांचे तापमान साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान असे थबकते, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ जेवढी उष्णता नेते तेवढीच आत येत असते. घामाने अंग गार राहते तसेच. धीर असेल तर थांबावे, नसेल तर मांस जाड कागदात किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावे, म्हणजे वाफ अडते. खांद्याचे किंवा छातीचे चिवट मांस मऊ होण्यासाठी त्यातले कोलॅजेन विरघळावे लागते, आणि ते 90 ते 95 अंशांपर्यंत सावकाश नेल्यावरच नीट साधते.

प्रश्न: पत्रा फार पातळ आहे. वाऱ्याच्या दिवशी तापमान टिकत नाही. उष्णतारोधक आवरण घालावे का?

हा आकार मुळात टेक्सास आणि ओक्लाहोमाकडच्या वेल्डरांनी तेलक्षेत्रातल्या जाड नळांच्या तुकड्यांपासून घडवला, आणि त्या जाडीतच त्याचे स्थैर्य होते. 6 मिलिमीटरच्या भिंती उष्णता साठवतात. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा ती ताबडतोब वाऱ्याला देऊन टाकतो. वेल्डिंगच्या ठिणग्या अडवण्यासाठी वापरतात ते जाड कापड पिंपावर पांघरले तर थंडी-वाऱ्यात लाकडाची चांगली बचत होते. धुराड्याचे तोंड, झडप आणि फायरबॉक्स मात्र उघडे ठेवावेत. आवरण नसेल तर स्मोकर आडोशाला न्यावा, आणि वारा थेट झडपेत किंवा धुराड्याच्या तोंडात घुसणार नाही असा वळवावा. पिंपात तळाशी दोन विटा किंवा पाण्याचे पसरट भांडे ठेवले तरी चढउतार कमी होतात.

प्रश्न: पावसाळ्यात स्मोकर गाडी लावण्याच्या बंद खोलीत, दार उघडे ठेवून चालवता येईल का?

नाही. जळत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि उघड्या दाराने तो पुरेसा निघून जातो असे मानणे जिवावर बेतू शकते. चारही बाजूंनी उघडे आणि न पेटणारे छप्पर असेल तर त्याखाली चालेल, तेही धुराडे छपरापासून बरेच दूर असेल तर.

प्रश्न: वापरानंतर सफाई कशी करावी? दोन महिन्यांतच फायरबॉक्सच्या तळाला गंज चढला.

गंजाचे कारण राख आहे. ती हवेतली ओल शोषते, ओली झाली की तीव्र अल्कलीसारखी वागते आणि पत्र्याला चिकटून बसते. प्रत्येक वापरानंतर, राख पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी, ती झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावी, कारण वरून विझलेल्या राखेत निखारे कित्येक तास जिवंत राहतात. गंज तारेच्या ब्रशने काढून तेलाचा हात द्यावा आणि पुढच्या आगीत तो थर भाजू द्यावा.

पिंपाच्या भिंतींवरचा कोरडा काळा थर खरवडू नये, तो संरक्षण करतो. सुटू लागलेले पापुद्रे मात्र झटकावेत, नाहीतर ते मांसावर पडतात. तळाशी साठलेली चरबी दर खेपेला काढावी. ती पेटलीच तर पाणी ओतू नये. झडप आणि झाकण बंद करून धुराड्याच्या तोंडावर पत्रा ठेवावा आणि आग हवेविना विझू द्यावी. बाहेरून आवरण घालताना स्मोकर पूर्ण थंड आणि आतून कोरडा आहे याची खात्री करावी आणि झडप थोडी उघडी ठेवावी, म्हणजे आत ओल कोंडत नाही.